'मोप' हे इंग्रजी क्रियापद नेमकं कुठे आणि कसं वापरायचं

शब्दयादीत 'मोप' या क्रियापदापुढे 'उदास होणे, रुसणे' एवढंच लिहिलेलं असतं. मुलं तेवढंच पाठ करतात आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. इंग्रजी शिकवताना मुलांच्या वह्यांत मला ही वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात : 'माय सिस्टर मोप्ट ऑन मी.' 'ही इज मोप्ट फ्रॉम टू डेज.' 'द होल व्हिलेज मोप्ट आफ्टर हिज डेथ.' पहिल्या दोन वाक्यांचं व्याकरण चुकलं आहे. तिसऱ्याचं व्याकरण बरोबर आहे, तरीही तिघांत तेच सर्वांत वाईट. गावातलं माणूस गेलं आणि हे वाक्य त्या गावालाच रडतराऊत ठरवतं.

स्पेलिंग एम-ओ-पी-ई. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण थेट वाक्य बनवायला बसतात आणि प्रसंग कोणता हे शेवटी पाहतात. या शब्दाच्या बाबतीत तो क्रम उलटा हवा.

तयारी : वही उघडण्याआधी

इंग्रजी-मराठी कोश बाजूला ठेवा. तो चुकीचा असतो असं नाही, पण स्वल्पविराम देत चार प्रतिशब्द मांडतो आणि कोणता कधी घ्यायचा ते तुमच्यावर सोडतो. त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ऑक्सफर्डचा आणि केंब्रिजचा असे दोन्ही कोश मोबाईलवर फुकट पाहता येतात. त्यात तीन गोष्टी शोधा : क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक, त्याच्यामागे कोणते छोटे शब्द येतात, आणि उदाहरणाच्या वाक्यांतला माणूस नेमकं काय करतोय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच वाचायची राहते.

मग वहीच्या एका पानावर तुमच्या घरात ऐकू येणारे शब्द लिहा. रुसणे, फुगून बसणे, तोंड पाडणे, हिरमुसणे, कुढणे, धुसफुसणे, घुम्यासारखं बसणे. प्रत्येकापुढे घरातला एखादा खरा प्रसंग मराठीतच लिहा. 'लेकरू कामून तोंड पाडून बसलंय?' हे वाक्य आजी कधी म्हणते? 'ती रुसली' हे कधी म्हणते? दोन्ही वेळी लेकरू गप्पच असतं, पण आजी शब्द बदलते. का बदलते, ते एका ओळीत लिहून काढा.

*तपासणी :* रुसणे, कुढणे आणि हिरमुसणे या तिघांतला फरक तुम्हाला मराठीत सांगता येत नसेल, तर अजून पुढे जाऊ नका. इंग्रजीतला फरक त्याच्याच आधाराने कळणार आहे.

पायरी 1 : आधी प्रसंग तपासा

मोप लागायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. मन खट्टू असतं. माणूस काही करत नाही, नुसता रेंगाळतो, लोळतो, कशात लक्ष घालत नाही. कारण बहुधा अपेक्षाभंगाचं असतं आणि त्यात स्वतःची थोडी कीव मिसळलेली असते. आणि बघणाऱ्याला वाटत असतं की आता पुरे झालं, याने उठायला हवं.

पोलीस भरतीच्या यादीत नाव आलं नाही म्हणून घरी परतलेला पोरगा घ्या. दोन दिवस बाजेवर पडून आहे. ताट पुढे केलं की दोन घास खातो, मोबाईल वर-खाली करतो, दारात जाऊन उभा राहतो, परत येऊन पडतो. इथे मोप चपखल बसतो : 'ही इज मोपिंग अराउंड द हाउस.'

आता तोच पोरगा, पण प्रसंग दुसरा. वडिलांनी पुण्याला अकॅडमीत पाठवलं नाही म्हणून तो वडिलांशी बोलत नाही. मित्र आले की मात्र हसतो, वडील घरात शिरले की तोंड फिरवतो. हा मोप नव्हे.

तिसरा प्रसंग. पोरगा उदास आहे, पण पहाटे उठून हरभऱ्याला पाणी देऊन आला. हाही मोप नव्हे. हात चालू असतील तर हा शब्द लागत नाही. तिथे साधं 'ही इज सॅड' किंवा 'ही इज डिसअपॉइंटेड' म्हणा. ही खूण सर्वांत जास्त सुटते, कारण शब्दयादीत फक्त मनाची अवस्था लिहिलेली असते, हातपाय काय करत आहेत ते लिहिलेलं नसतं.

एक अपवाद लक्षात असू द्या. पाळीव जनावर मलूल होऊन पडलं, तरी इंग्रजीत हा शब्द चालतो आणि तिथे दोष देण्याचा सूर नसतो. जोडीतला एक बैल विकला आणि दुसरा गोठ्यात मान टाकून उभा राहिला, वैरणीला तोंड लावेना, तर 'द बुलक मोप्ट फॉर डेज' हे वाक्य योग्य आहे.

पायरी 2 : शेजारचे शब्द वेगळे करा

ही पायरी सर्वांत लांब आहे. इथे दिलेला वेळ पुढे वाचतो.

*सल्क.* मराठी माणसाचा निम्मा गोंधळ याच शब्दाशी असतो, कारण आपलं रुसणं आणि फुगणं हे सल्कच्या जवळचं आहे. रुसायला समोर कुणीतरी लागतं. आपण 'माझ्यावर रुसली' म्हणतो, त्यातला 'वर'च सगळं सांगतो. सल्कमध्ये राग असतो आणि तो गप्प राहून दाखवला जातो. लग्नात मानपान राहिला म्हणून जावई मांडवात तोंड फिरवून बसतो, किंवा धोंड्याच्या महिन्यात मनासारखा आहेर झाला नाही म्हणून फुगतो. तो सल्क करतो. त्याला मोप म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की जावई बिचारा उदास आहे, आणि सासऱ्याची सगळी धावपळ त्याला कळणारच नाही.

परीक्षा सोपी आहे. ज्याच्यावर रुसवा आहे तो माणूस चार दिवस परगावी गेला असं समजा. रुसवा थंड पडला तर तो सल्क होता. माणूस तरीही तसाच पडून राहिला तर तो मोप आहे.

*ब्रूड.* यात डोकं चालू असतं. तीच गोष्ट मनात पुन्हा पुन्हा घोळते, उगाळली जाते. आपलं कुढणं याच्या जवळ येतं. ब्रूड करणाऱ्याचे हात कामात असू शकतात : गाडी चालवता चालवता, दळण निवडता निवडता माणूस ब्रूड करू शकतो. खुडूक कोंबडी अंडी उबवत बसते, तिलाही इंग्रजीत हेच क्रियापद लागतं. ती कशी हलत नाही ते आठवलं की अर्थ डोक्यात राहतो. मागे बहुधा 'ओव्हर', 'ऑन' किंवा 'अबाउट' येतो.

*पाउट.* फक्त ओठांचा खेळ. खालचा ओठ पुढे काढून नाराजी दाखवणे. क्षणभराचं काम, दिवसभराचं नव्हे.

*मोर्न आणि ग्रीव्ह.* माणूस गेल्यावर हेच दोन शब्द. लातूर-धाराशिवची मुलं निबंधात 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाबद्दल लिहितात, तेव्हा 'पीपल मोप्ट फॉर देअर रिलेटिव्ह्ज' असं वाक्य कधीतरी येतं. एका रात्रीत घरंच्या घरं गेली, त्यांचा शोक या शब्दाने सांगायचा नाही. तिथे 'मोर्न्ड' लिहा, 'ग्रीव्ह्ड' लिहा.

*डिप्रेस्ड.* बोलीत हा शब्द साध्या उदासीसाठीही सैलपणे वापरतात. पण 'डिप्रेशन' हे आजाराचं नाव आहे आणि मोप हे वागण्याचं वर्णन आहे. आजारी माणसाला 'मोपिंग' म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला लोळू नको म्हणणं.

*इशारा :* घरातलं कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत खचलेलं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर शब्द शोधत बसू नका. डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, कॉल मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं संपवण्याची भाषा असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.

पायरी 3 : उच्चार आणि स्पेलिंग एकत्र पक्कं करा

मोपचं यमक होप आणि रोपशी जुळतं. शेवटचा ई उच्चारात येत नाही, पण तो आधीच्या ओ ला लांब करतो. तो काढला की एम-ओ-पी उरतो आणि शब्द 'मॉप' होतो, म्हणजे फरशी पुसणे.

खरा खड्डा पुढच्या रूपांत आहे. ई काढून आयएनजी लावा, पी एकच ठेवा : मोपिंग. पी दोन झाले की मॉपिंग. 'शी वॉज मॉपिंग ऑल डे' लिहिलंत तर बिचारी बाई दिवसभर फरशी पुसत होती असा अर्थ होतो. भूतकाळातही तसंच. एक पी असेल तर मोप्ट, दोन पी असतील तर मॉप्ट. होप आणि हॉप, म्हणजे आशा करणे आणि लंगडी घालणे, या जोडीला हाच नियम लागतो. दोन्ही जोड्या एकाच पानावर लिहा.

भूतकाळी रूपाचा उच्चार एका दमात, 'मोप्ट' असा करा. शेवटी डी लिहितात, पण पी नंतर तो ट सारखा ऐकू येतो. हेच स्पेलिंग 'मो-पेड' या गाडीचंही आहे, आणि गाडीचा उच्चार दोन तुकड्यांत होतो. वर्गात मोठ्याने वाचताना 'ही मोपेड ऑल डे' असं अनेक जण वाचतात. वाक्यात त्याच्याआधी 'अ' किंवा 'द' असेल तर गाडी, कर्त्यानंतर लगेच आला असेल तर क्रियापद.

*तपासणी :* 'ही होप्ट' आणि 'ही मोप्ट' एकामागोमाग पाच वेळा म्हणा. दुसऱ्यात जीभ अडखळत नसेल तर पुढे चला.

पायरी 4 : वाक्य बांधा

मोप अकर्मक आहे. कुणी कुणाला मोप करत नाही. 'ही मोप्ट हिज मदर' हे वाक्य होत नाही. 'ऑन मी' आणि 'विथ मी' हेही 'माझ्यावर' आणि 'माझ्याशी' वरून आलेले जोड आहेत, ते काढून टाका. कुणावर तरी राग आहे हे सांगायचंच असेल, तर शब्द बदला : 'शी इज अपसेट विथ मी.'

जागा सांगायची असेल तर अराउंड किंवा अबाउट : 'मोपिंग अराउंड द हाउस'. कारण सांगायचं असेल तर ओव्हर किंवा अबाउट : 'मोपिंग ओव्हर हिज मार्क्स'. अबाउट दोन्हीकडे चालतो, म्हणून त्याच्यामागचा शब्द पाहा. 'अबाउट द हाउस' म्हणजे घरभर, 'अबाउट द रिझल्ट' म्हणजे निकालामुळे. नवशिक्यांनी जागेसाठी अराउंड आणि कारणासाठी ओव्हर असं ठरवून घेतलं तर चूक होत नाही.

आता काळ. हे क्रियापद बहुतेक वेळा चालू क्रियेच्या रूपात भेटतं, कारण मोप एका क्षणात होत नाही, लांबत जातो. मराठीत आपण 'तो रुसलेला आहे' म्हणतो. त्याची सावली पडून 'ही इज मोप्ट' लिहिलं जातं. ते चूक आहे. 'ही इज मोपिंग' लिहा.

किती वेळ चाललंय हे सांगताना 'फ्रॉम' घेऊ नका. 'दोन दिवसांपासून' यातला 'पासून' आपल्याला फ्रॉमकडे ओढतो. मुदत असेल तर फॉर, सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स : 'ही हॅज बीन मोपिंग फॉर टू डेज', 'ही हॅज बीन मोपिंग सिन्स संडे'.

मनाई करताना 'डोन्ट डू मोप' किंवा 'डोन्ट बी मोप' नको, 'डोन्ट मोप' पुरतं. 'स्टॉप' घेतलात तर पुढे मोपिंग हवं. 'स्टॉप टू मोप' चा अर्थ उलटा होतो : हातातलं काम थांबवून तोंड पाडून बस.

एक जास्तीची रचना आहे, 'अवे' लावून वेळ वाया घालवणे : 'शी मोप्ट अवे द होल व्हेकेशन.' इथे क्रियापदाला कर्म मिळाल्यासारखं दिसतं, पण ते फक्त वेळेपुरतं आणि अवेच्या जोरावर. माणसाला ते लावू नका.

पायरी 5 : कुणाबद्दल, कुणासमोर

या शब्दात टोचणी आहे. स्वतःबद्दल बोललात तर ती सौम्य असते : 'आय हॅव बीन मोपिंग ऑल डे' म्हणजे दिवस नुसता तोंड पाडून घालवला, हे आपणच कबूल करणं. दुसऱ्याबद्दल बोललात की तो ठपका होतो. आई लेकराला, ताई धाकट्या भावाला, मित्र मित्राला म्हणू शकतो. 'सर, व्हाय आर यू मोपिंग?' हे मात्र उद्धट आहे, मागे कितीही आदर असला तरी. मोठ्यांना विचारायचं असेल तर 'सर, इज एव्हरीथिंग ऑल राइट?' एवढंच विचारा. रजेच्या अर्जात आणि डॉक्टरसमोर स्वतःसाठीही हा शब्द नको. तिथे 'आय वॉज नॉट फीलिंग वेल' किंवा 'आय हॅव बीन फीलिंग लो' म्हणा.

आणि शेतकऱ्यांबद्दल लिहिताना फार जपा. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलं, शेतातली माती खरडून गेली, आणि तुम्ही इंग्रजीत लिहिलंत 'फार्मर्स आर मोपिंग ओव्हर देअर क्रॉप्स'. वाचणाऱ्याला दिसतं ते असं : काहीतरी किरकोळ बिनसलं, माणसं उगीच तोंड पाडून बसली आहेत, उठली तर बरं. कर्ज, बियाणं, वर्षभराची मेहनत, सगळं त्या एका क्रियापदाने हलकं होतं. परगावच्या वाचकाला मराठवाड्याबद्दल तुमच्या त्या एका वाक्यातूनच कळणार असेल, तर ते वाक्य अन्याय करतं. तिथे 'द फार्मर्स आर इन डिस्ट्रेस' लिहा, 'दे आर डिव्हॅस्टेटेड' लिहा.

*इशारा :* शंका असेल तेव्हा 'सॅड' आणि 'अपसेट' हे साधे शब्द घ्या. ते फिके वाटतात, पण कुणाचा अपमान करत नाहीत.

पायरी 6 : नाम आणि विशेषण

यावर फार वेळ घालवू नका. 'हॅव अ मोप' म्हणजे थोडा वेळ तोंड पाडून बसणे. सदा उदास राहणाऱ्या माणसालाही 'अ मोप' म्हणतात. विशेषण 'मोपी', एम-ओ-पी-ई-वाय : 'ही इज इन अ मोपी मूड.' बोलताना चालतं, परीक्षेच्या उत्तरात टाळलेलं बरं.

पायरी 7 : एक वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत

मराठी वाक्य असं घेऊ (येळवशी म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करण्याचा मराठवाड्यातला सण) : 'येळवशीला शेतात न्यायला कुणी थांबलं नाही म्हणून धाकटा दिवसभर ओसरीत तोंड पाडून बसला.'

पहिली पायरी : मन खट्टू आहे का? आहे. भज्जी, उंडे, आंबील, शेतातल्या कडब्याच्या कोपीतली पूजा, सगळं हुकलं. हात चालू आहेत का? नाहीत. दुसरी पायरी : रोख कुणावर? इथे थांबा. घरचे परत आल्यावर तो त्यांच्याशी बोललाच नाही, असं वाक्य पुढे असतं तर सल्क झाला असता. घर रिकामं आहे, तो एकटाच बसला आहे, म्हणून मोप. तिसरी : भूतकाळ, एक पी, उच्चार मोप्ट. चौथी : कर्म नको, जागा 'ऑन द व्हरांडा', कारण मोठं आहे म्हणून 'बिकॉज' घेऊ. पाचवी : धाकट्या भावाबद्दल बोलतोय, चालेल.

तयार वाक्य : 'माय यंगर ब्रदर मोप्ट ऑन द व्हरांडा ऑल डे बिकॉज नोबडी वेटेड टू टेक हिम टू द फार्म.'

इथली नेहमीची चूक म्हणजे 'मोप्ट सॅडली' किंवा 'मोप्ट विथ अ सॅड फेस' लिहिणे. उदासी क्रियापदातच आहे, वरून ओतायची गरज नाही.

पायरी 8 : स्वतः करून पाहा

खालच्या पाच वाक्यांत मोप कुठे लागेल ते आधी वहीत लिहा, मगच उत्तरं वाचा.

1. नवीन मोबाईल दिला नाही म्हणून ती आईशी दोन दिवस बोलत नाही.
2. मैत्रीण बाहेरगावी शिकायला गेली, तेव्हापासून ती घरात नुसती रेंगाळतेय.
3. आजोबा गेले, घर अजून शोकात आहे.
4. नीटमध्ये मार्क कमी पडले, पण तो दुसऱ्याच दिवशी लातूरला क्लासला गेला.
5. भावाने बांध कोरला, ती गोष्ट कापूस वेचता वेचता काका मनात उगाळत राहिले.

पहिल्यात सल्क, रोख आईवर आहे. दुसऱ्यात मोप : 'शी हॅज बीन मोपिंग अराउंड द हाउस सिन्स हर फ्रेंड लेफ्ट.' तिसऱ्यात मोर्न किंवा ग्रीव्ह. चौथ्यात डिसअपॉइंटेड, कारण तो उठून कामाला लागला. पाचव्यात रोख भावावर दिसतो म्हणून सल्क लिहिलं असेल, तर पुन्हा वाचा. काका तोंड फिरवून कुणाला राग दाखवत नाहीत, आणि हात कापूस वेचत आहेत म्हणून मोपही नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. शब्द ब्रूड : 'ही ब्रूडेड ओव्हर इट ॲज ही पिक्ड कॉटन.'